मखमली पानांची पाहुणी

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं, की जेवणघराच्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे त्यांची नजर हटकून जाते. "अगंबाई, पेटीत मखमलीचे तुकडे कशाला ग ठेवलेस?" असं माझ्या एका मैत्रिणीने विचारलंसुद्धा. मी तिला जवळ बोलावलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हटलं, "आता बघ!" मखमलीत बारीक चमचम झाली आणि तिच्या तोंडाचा 'आ' तसाच राहिला.

ते मखमलीचे तुकडे नव्हेत, मैत्रिणींनो, ती पानं आहेत. पिकल्या जांभळासारख्या गडद रंगाची, आणि देठापासून टोकापर्यंत तांबूस-गुलाबी रेघा असलेली. जरीऐवजी तांब्याच्या बारीक तारेने कुणी भरतकाम करावं, तशा त्या रेघा दिसतात. हे ऑर्किड आहे, पण फुलांपेक्षा पानांसाठी लावायचं. पानं रत्नासारखी चमकतात म्हणून अशा झाडांना 'ज्वेल ऑर्किड' म्हणतात. माझ्याकडच्या झाडाचं शास्त्रीय नाव लुडिशिया डिस्कलर. उबेत आणि ओलसर हवेत वाढणारं हे झाड मी नाशिकच्या कोरड्या थंडीत जगवलं आहे. म्हणजे आधी मारायला टेकवलं, मग जगवलं! तेच तुम्हांला सांगायचं आहे. आणि ते सांगताना घरातल्या आणखी एका माणसाविषयी सांगितल्यावाचून राहवणार नाही.

झालं असं, की २०२३ च्या फेब्रुवारीत एका फुलांच्या प्रदर्शनात मी हे रोप पाहिलं. किंमत साडेचारशे रुपये. हातभर लांब पण नाही, चार पानं आणि दोन बोटांएवढी खोडं! घरात जर मी सांगितलं असतं, तर आमचे हे म्हणाले असते, "साडेचारशेत किती किलो तांदूळ येतो, माहीत आहे?" पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तो पगार घरातच जातो, तरी त्यातले थोडे पैसे मी डब्यात बाजूला टाकते. त्या डब्याला स्मरून रोप घेतलं आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवून घरी आणलं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "रोज पाणी घाला, सावलीत ठेवा." यातली दुसरी गोष्ट खरी होती. पहिलीने घात केला.

मी आधी या झाडाचं माहेर कुठलं ते शोधायला हवं होतं. आपण सून आणताना माहेर विचारतो, आणि झाड आणताना विचारत नाही! लुडिशिया हे ईशान्य भारत, म्यानमार, दक्षिण चीन, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया या भागांतलं. तिथल्या दाट जंगलात जमिनीवर, कुजक्या पाल्यापाचोळ्यात ते सरपटत वाढतं. वर झाडांचं छत, त्यामुळे ऊन जेमतेम गाळून आलेलं. हवा कायम दमट. बहुतेक ऑर्किडं आपण झाडाच्या फांदीवर वाढणारी पाहतो. कोकणात आंब्या-फणसावर 'सीतेची वेणी' लोंबते ना, तशी. त्यांची मुळं हवेत मोकळी असतात. हे मात्र जमिनीवर राहणारं. त्याचं खोड मांसल, पाण्याने भरलेलं, सांध्यासांध्यातून मूळ सोडणारं. मुळं खोल जात नाहीत, वरच्या भुसभुशीत थरातच पसरतात.

आता आमचं नाशिक बघा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. पावसाळ्यात हवा ओली, पण दिवाळी झाली की कोरडी पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो, आणि शेजारच्या निफाडच्या थंडीची बातमी वर्तमानपत्रात येते. द्राक्षांना ही हवा मानवते. पण टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात, आणि लाकडी कपाटाची दारंसुद्धा आक्रसून सैल होतात. आमचं घर जुनं, शहाबादी फरशीचं. उन्हाळ्यात त्या फरशीवर लोळावं आणि हिवाळ्यात पाय ठेवू नये, असा प्रकार.

पहिल्या उन्हाळ्यात पानांची टोकं वाळली. मी रोज तीनदा पाण्याचा फवारा मारू लागले. त्याने काही फरक पडेना, कारण फवाऱ्याची ओल कोरड्या हवेत काही मिनिटांतच उडून जाते. मग बशीत खडे घालून, त्यात पाणी ओतून वर कुंडी ठेवली. तो उपाय अगदीच टाकाऊ नाही, पण उघड्या खोलीत त्याने ओल फार थोडी वाढते. पुढे पावसाळा आला आणि मी न करताच सगळं जमलं! जुलै-ऑगस्टमध्ये रोपाला पाच नवी पानं फुटली. मी आपली पाठ थोपटून घेतली. वास्तविक पाठ पावसाची थोपटायला हवी होती.

त्याच पावसाळ्यात आमचे मामंजी गेले. सासूबाई सावंतवाडीजवळच्या गावात राहणाऱ्या. विहीर, माड, फणस, मागच्या दारी अळू आणि हळद. तीन खोल्यांच्या त्या घरात त्या एकट्या कशा राहणार? दिवाळी झाल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं.

मी मनाशी ठरवलं होतं, की आईंना कसलाही त्रास होऊ द्यायचा नाही. आयुष्यभर कष्ट केले, आता बसून खाऊ देत. पहाटे उठू लागल्या की मी म्हणायची, "आई, झोपा तुम्ही, थंडी आहे." भाजी निवडायला घेतली की हातातली परात काढून घ्यायची. नारळ खवायला बसल्या की, "राहू द्या, मिक्सर आहे ना." दर तासाला चहा, दोन शाली, पायांत मोजे, गुडघ्यांना शेकायला रबरी पिशवी. काही कमी नव्हतं. तरी आई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. हातांची कातडी खसखशीत झाली, आवाज बसला. पलंगाच्या कडेला बसून खिडकीबाहेर बघायच्या. विचारलं की एकच उत्तर, "बरी आसंय."

आणि इकडे माझं झाडही मान टाकू लागलं. मला वाटलं, हवा कोरडी, म्हणजे त्याला तहान लागली. मी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली. मी आणखी पाणी घातलं. जानेवारीत एका सकाळी बघते तर खोड बुडाशी तपकिरी, मऊ, आणि बोट लावताच कुजक्या केळीसारखं सुटलं!

त्याच सकाळी आईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी जातंय गावाक. हंय माझा काय काम आसा?"

मला भरून आलं. खरं सांगू? आधी राग आला. एवढं सगळं करते, अजून काय करायचं बाई माणसाने? शाळा, घर, मुलं, यांचा डबा, आणि वर हे! मी काही न बोलता कुजलेलं झाड घेऊन मोरीवर गेले आणि तिथेच रडू फुटलं. आई मागून आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, कुंडीकडे बघितलं. माती बोटाने चाचपली, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "ह्येका तहान नाय गो लागली, थंडी लागली हा. थंडीत भिजलेला लुगडा नेसून बसवलंस, तर माका तरी बरा वाटात काय?"

आईंनी एका वाक्यात सांगितलं, ते मला नंतर पुस्तकात वाचायला मिळालं. गारठ्यात मुळं पाणी ओढायचं कमी करतात. माती ओलीच राहते, तिच्यातली हवा नाहीशी होते, मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. मूळ कुजलं की झाडाला पाणी वर चढवता येत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी लोंबतात. आपण फसतो आणि आणखी पाणी घालतो. रोग्याला विषच औषध म्हणून पाजण्यासारखं! त्यात माझी कुंडी होती खिडकीच्या गार फरशीवर. आई म्हणाल्या, "पाट नाय खाली?" जेवायला बसताना माणसाला पाट देतो, तसा झाडालाही द्यायचा हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग आईंनी पदर खोचला. दोन महिन्यांत पहिल्यांदा! सुरी निखाऱ्यावर धरावी तशी गॅसवर तापवून निववली आणि कुजलेला भाग पार कापून टाकला. कापलेला पेर आतून पांढरा-हिरवा स्वच्छ दिसेपर्यंत कापत जायचं, हे लक्षात ठेवा. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा चढते. शेवटी हाती राहिली दोन-तीन सांध्यांची दोन टोकं. कापलेल्या तोंडाला मी दालचिनीची पूड लावली. ती फक्त कापलेल्या जागी लावायची, मुळांना नाही, कारण तिने मुळं सुकतात. बागेचा नाद असलेल्या बऱ्याच जणी हा उपाय करतात.

आता ती ठेवायची कुठे? आई म्हणाल्या, "ह्येका न्हाणीमागची जागा व्हयी." कोकणातल्या घराची न्हाणी तुम्ही पाहिली असेल. तिच्यामागे कायम सावली, दमट हवा, वारा नाही, चुलाण्याची ऊब, आणि दगडांत आपोआप उगवलेली नेची. बरोबर! मी टोकं आमच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. सकाळी आंघोळीच्या वेळी वाफ असायची खरी, पण नऊनंतर झरोक्यातून गार वारा. तिथे जमणार नाही हे दोन दिवसांत दिसलं. तेवढ्यात मुलाने माळ्यावर टाकलेली फिशटँक आठवली. दीड फूट लांब, फूटभर रुंद. त्यातले मासे केव्हाच देवाघरी गेले होते. आई म्हणाल्या, "हवेत ओल व्हयी, मुळात न्हय." काचेच्या पेटीत नेमकं तेच साधतं.

ही युक्ती काही आमची नव्हे. लंडनमध्ये नॅथनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची हौस, पण शहरातल्या धुरकट हवेत ती जगत ना. १८२९ मध्ये त्यांनी एका बंद बाटलीत ओल्या मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाचं काय झालं ते राहिलं बाजूला, त्या मातीत नेचं आणि गवत उगवलं! बाटलीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा मातीत उतरे. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं लंडनहून थेट ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली, तीही अशाच पेट्यांतून. म्हणजे आपल्या सकाळच्या चहाचं थोडं देणं त्या पेटीकडे लागतंच.

तर आता आमची पेटी कशी केली ते नीट सांगते. तुमच्याकडे फिशटँक नसेल तर मोठ्या तोंडाची काचेची बरणी चालेल.

पेटी धुऊन कोरडी केली. तळाशी दोन बोटं जाडीचा धुतलेल्या कौलांच्या तुकड्यांचा थर, त्यावर थोडा लोणारी कोळसा. या थरात पाव इंच पाणी राहिलं तर बिघडत नाही, कुंडीचं बूड मात्र त्या पाण्यात बुडता कामा नये. झाड थेट पेटीत लावायचं नाही. बुडाला भोकं पाडलेल्या उथळ कुंडीत लावून ती कुंडी पेटीत ठेवायची. म्हणजे पाणी जास्त झालं तर कुंडी उचलून निथळता येते. कुंडीत साधी काळी माती अजिबात नको, ती चिकटून बसते. आईंनी नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे केले, दोन दिवस पाण्यात भिजवले आणि पाणी तीनदा बदललं, कारण त्यांत क्षार आणि तांबडा रंग असतो. दोन वाट्या तुकडे, एक वाटी चाळलेलं पानांचं कुजलेलं खत, अर्धी वाटी कोळशाचा चुरा, असं आमचं प्रमाण. मुठीत दाबलं तर गोळा होऊ नये, सुटं व्हावं. कापलेली टोकं मात्र मुळं फुटेपर्यंत पिळून घेतलेल्या ओल्या स्फॅग्नम शेवाळावर आडवी ठेवली. हे शेवाळ रोपवाटिकेत पुड्यांत मिळतं.

वर काचेचं झाकण, पण एका बाजूला बोटभर फट. रोज सकाळी दहा मिनिटं झाकण पूर्ण काढायचं. काचेवर सकाळी थोडं बाष्प दिसलं तर ठीक. दिवसभर पाणी ओघळत असेल तर ओल जास्त झाली, झाकण अधिक उघडायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, थंडीत तिथूनच कूज सुरू होते. म्हणून मी फवारा बंदच केला.

उजेड हवा, ऊन नको. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीपासून थोडं आत, पडद्याआड. काचेच्या पेटीवर दुपारचं ऊन पडलं तर ती भट्टी होते आणि झाड तासाभरात शिजतं, हे फार सांभाळा. उजेड जास्त झाला तर पानांचा गडद रंग फिका, तांबूस पडतो. खोली अंधारी असेल तर पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावला तरी चालतं.

पाणी कोणतं? आमच्या बोअरच्या पाण्याने पानांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरे डाग पडतात. आम्ही पावसाचं पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवतो. आणि हो, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जाणारं पाणी निघतं, ते आपण काटकसरीने झाडांना घालतो ना? या झाडाला ते घालू नका. सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. पाणी कोमट, म्हणजे खोलीच्या उबेचं. वरचा थर बोटाला जेमतेम ओला लागला की मगच घालायचं. थंडीत आमच्या पेटीत दहा-बारा दिवसांनी एकदा पुरतं. खत फक्त वाढीच्या दिवसांत, महिन्यातून एकदा, पुड्यावर लिहिलं असेल त्याच्या पाव भाग.

राहिली ऊब. पेटीखाली पाट, पाटाखाली थर्माकोलचा तक्ता. दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारं, ऊब आणि हवेतली ओल दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र मी आणलं. जानेवारीत पहाटे खोलीत सतरा अंश आणि दुपारी ओल तीस टक्के, पण पेटीत ओल पंचाहत्तरच्या वर! ऊब मात्र खोलीपेक्षा जेमतेम अंशभर जास्त. लुडिशियाला वीस ते अठ्ठावीस अंश आवडतात. पंधराच्या आसपास ते तग धरतं, पण वाढत नाही. यावर तोड आईंनीच काढली. रात्री गुडघे शेकून झाले, की कोमट झालेली रबरी पिशवी त्या पेटीला बाहेरून टेकवून ठेवायच्या आणि वरून जुनी गोधडी पांघरायच्या. पहाटे यंत्रात वीस दिसायचे. आमचे हे म्हणाले, "माझ्या आईने मला इतकं पांघरूण घातलेलं आठवत नाही!" त्या दिवशी आई मोठ्याने हसल्या. किती दिवसांनी!

तीन आठवड्यांनी एका सांध्यातून पांढरं, लवदार मूळ फुटलं. आईंनी मला शाळेतून आल्या आल्या चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत, आधी ते दाखवलं.

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. मी आईंना काय दिलं होतं? शाली, चहा, विश्रांती. जे मला देता येत होतं आणि देताना मला बरं वाटत होतं, ते. त्यांना हवी होती ती त्यांच्या घरातली हवा, म्हणजे हाताला काम, कुणीतरी काही विचारणं, आपल्यावाचून अडतं आहे ही जाणीव. पाणी मुळाशी ओतून मी झाड कुजवलं. आईंच्या बाबतीतही माझं तसंच चाललं होतं, आणि माझी समजूत मात्र अशी की मी फार सेवा करते आहे! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे नारळ आणि विळी ठेवली. म्हटलं, "आई, मला शाळेला उशीर होतोय. सोलकढीचं तुम्ही बघता?" त्यांनी मान वर न करता नारळ हातात घेतला.

सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही सांगत. त्या अजूनही माझ्या पोह्यांना नावं ठेवतात, आणि भांडी कुठल्या क्रमाने लावायची यावरून आमची कुरबूर होते. पण गावाला जायचं त्या बोलल्या होत्या, ते आम्ही उडवून लावलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. आता पावसाच्या सुरुवातीला त्या गावी जातात, शेजारच्या जाऊबाईंच्या सोबतीने राहतात, गणपती करतात आणि दिवाळीनंतर इकडे येतात. त्या नसताना पावसाळाच झाडाकडे बघतो. थंडीत झाडाचा सगळा कारभार आईंकडे. मी मधे बोलत नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून आणखी झाली, तीही सांगते. एक जगलं म्हणून हाव सुटली. २०२४ च्या डिसेंबरात मी मॅकोडिस पेटोला नावाचं दुसरं ज्वेल ऑर्किड कुरिअरने मागवलं. हिरव्या पानावर सोनेरी विजा चमकाव्यात तशा त्याच्या शिरा. इतकं सुंदर पान मी दुसरं पाहिलेलं नाही. पण ते मलाया, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाइन्सकडचं. लुडिशियापेक्षा पुष्कळ नाजूक, अठरा अंशांच्या खाली सहन न होणारं. कडाक्याच्या थंडीत चार दिवस खोक्यात प्रवास करून ते आलं, पानं पाणचट झाली आणि आठवड्यात संपलं. साडेसातशे रुपये गेले! यात पाठवणाऱ्याचा दोष नाही, उतावळेपणा माझा. आई एवढंच म्हणाल्या, की लेकीला कोणी पौषात सासरी पाठवतं का? तेव्हा मैत्रिणींनो, असं झाड मागवायचं तर जूनअखेर ते सप्टेंबर या काळात मागवा, म्हणजे थंडीपूर्वी ते रुळतं. सुरुवात लुडिशियानेच करा. ते या सगळ्या मंडळींत सोशीक आहे.

आणि घेताना एक विचारा, की हे रोप रोपवाटिकेत वाढवलेलं आहे ना? ज्वेल ऑर्किडं आपल्याकडे दक्षिणेतल्या सह्याद्रीच्या जंगलातही आहेत. जंगलातून उपटून आणलेलं झाड घरात सहसा जगत नाही, आणि जंगलही उजाड होतं. साऱ्या ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कायद्याचं बंधन आहे ते उगीच नाही. लुडिशियाच्या टोकांना मुळं इतकी सहज फुटतात, की एका मैत्रिणीकडे झाड असलं तर चौघींची सोय होते.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या लुडिशियाच्या एका टोकातून ताठ दांडा वर आला. आम्ही रोज बघत होतो. फेब्रुवारीत त्यावर पांढरी, मधे पिवळा ठिपका असलेली इवलीशी फुलं उमलली. एकेक फूल नखापेक्षा थोडं मोठं. मुलगी म्हणाली, "एवढंसंच?" आई म्हणाल्या, "पुरे झाला." ती फुलं महिनाभर टिकली. फुलून गेलेल्या खोडाला बाजूने दोन फुटवे आले. त्यांतला एक कापून आईंनी शेवाळात लावला आणि जूनमध्ये प्लास्टिकच्या डब्यात घालून, मांडीवर धरून, एसटीने गावाला नेला.

गणपतीत आम्ही गेलो तेव्हा मी आधी मागच्या दारी धावले. न्हाणीमागे, अळवाच्या पानांच्या सावलीत, फुटक्या कुंडीत ते होतं. ना पेटी, ना पाट, ना यंत्र. पानं माझ्या झाडापेक्षा दुप्पट मोठी!

मी आईंकडे पाहिलं. त्या तुळशीला पाणी घालत होत्या, आणि त्यांच्या हातांच्या भेगा पार बुजल्या होत्या.